आमचाच धूर

कापड रंगवायच्या कारखान्यात उभी हयात भट्टीत कोळसा सारण्यात गेली, म्हणून सगळी गल्ली त्यांना आगवालेच म्हणायची. नोकरी सुटली, नाव सुटलं नाही. अजूनही सकाळी खिडकी उघडली की मान आधी धुराड्याकडे वळायची. बायको म्हणायची, "सवतीला बघून झालं असेल तर चहा घ्या."

भट्टीवाल्यांची एक रीत होती. कोणाच्या घरी मूल झालं की भट्टीवरच्या त्याच्या जोडीदारानं ओला कोळसा एकदम सारायचा आणि हवेची झडप आवळायची. धुराड्यातून काळाकुट्ट लोट उठायचा. फोरमन शिव्या घालायचा, अन् गल्लीतल्या बायका दोरीवरचे कपडे ओढता ओढता हसायच्या, की कोणाकडं तरी पाळणा हलला. आगवाल्यांना लेक झाली तेव्हा जोडीदारानं असा लोट काढला की शेजारच्या म्हातारीच्या चादरी पुन्हा धुवायला गेल्या. तिनं रागानं पोरीला काजळी म्हणायला सुरुवात केली आणि मरेपर्यंत तेच म्हणत राहिली.

तीच काजळी आता शाळेत विज्ञान शिकवत होती. आणि सरकारनं ठरवलं होतं की धुरानं ऋतू बिघडतात म्हणून गावातल्या कोळशाच्या भट्ट्या बंद करायच्या. त्याआधी सभा घेऊन लोकांचं म्हणणं ऐकायचं.

न्हाव्याच्या दुकानात त्यावरून रोज रणकंदन. जोडीदाराचा मुलगा आता त्याच भट्टीवर होता, त्यामुळं त्याचा आवाज सगळ्यांत चढा. ऋतू काय आज बिघडले का, म्हणायचा. सरकारला आमचं धुराडं दिसतं, साहेबांच्या गाड्या दिसत नाहीत. गाड्यांचं खरं होतं, त्यावर न्हावीसुद्धा वस्तरा थांबवून मान डोलवायचा. सभेत भट्टीच्या बाजूनं आगवाल्यांनीच बोलायचं, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. जुनं माणूस, शब्दाला वजन.

घरी लेक एवढंच म्हणाली, "बाबा, एकट्या तुमच्या भट्टीनं काही झालं नाही. जगभरच्या मिळून झालं. पण तुम्हाला पटेल तेच बोला."

तेच तर अवघड होतं. एकीकडं पोटची पोर, दुसरीकडं आगीपुढं खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला गडी.

सभेत आगवाले उठले. पुढं व्याह्यांसारखे ऐटीत साहेब बसलेले, मागं सगळी गल्ली.

"आमच्या धुरानं काही होत नाही, असं सांगायला मला उभं केलंय," ते म्हणाले. "पण आम्ही मनात आणलं की आख्ख्या गल्लीला काळं आभाळ दाखवायचो. आमच्यानं काहीच होत नव्हतं म्हटलं, तर मग जन्मभर मी तिथं केलं काय? धूर आमचाच. पोटासाठी केला, हौसेनंही केला. आता बंद करा. पण आज भट्टीवर आहेत त्या पोरांना आधी दुसरं काम शिकवा. धुराडं थंड करणं सोपं, साहेब. चुली पेटत्या ठेवणं सरकारचं काम."

साहेब म्हणाले, विचार करू.

जोडीदार मागच्या मागं निघून गेला होता. आगवाल्यांनी त्याला पायरीवर गाठलं. जोडीदार म्हणाला, "माझ्या पोराची भाकर तू भर सभेत पणाला लावलीस."

"लावली. ती परत मिळवून द्यायची जबाबदारीपण माझी."

"सरकारचं विचार करू म्हणजे काय, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणून उद्यापासून त्यांच्या दारात जाऊन बसणार आहे. काम शिकवायला घेईपर्यंत."

जोडीदारानं चपलेत पाय सरकवले. "मीही येईन. पण तुझ्याशी बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी कचेरीबाहेरच्या बाकावर दोघं म्हातारे बसले होते, मधे एका माणसाची जागा सोडून. दुपारी काजळी डबा घेऊन आली तेव्हा तिला बसायला ती जागा बरोबर पुरली.