दोन अंतरे बाकी

आंधळगावात आम्ही चौघांनी ऑर्केस्ट्रा काढला तेव्हा भांडवल होतं गिटार, ड्रम, ऑर्गन आणि भरपूर माज. सिनेमाचं एकही गाणं वाजवायचं नाही, अशी शपथ घेतली होती. आमच्या घरी गुरांच्या कोठ्यात बसून ऑर्गनवाल्याने रोवण्यावर, म्हणजे धानाच्या लावणीवर, एक गाणं बांधलं. धृपद झालं, एक अंतरा झाला, दोन बाकी राहिले. आई शेण काढता काढता ऐकायची.

मग मॅनेजर भेटला. मंडप आणि भोंगे भाड्याने देणारा माणूस. सूर कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं, पण दिवाळीनंतर कोणत्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, कोणत्या दिवशी भरते ते तोंडपाठ. आज आसगाव, उद्या एकोडी. मंडया संपल्या की लग्नं, पावसाळ्यात बारशी, मग गणपती. टेम्पोत झोपायचं, उतरलं की सिनेमाची तीच बारा गाणी.

ऑर्गनवाला एकदा मॅनेजरला म्हणाला, "चार दिवस सुट्टी द्या. आमच्या गान्याचे दोन अंतरे राह्यले."

"पब्लिकले अंतरा कायले पायजे? फर्माईश वाजवा!"

आणि आम्ही मोठे कलावंत, मान खाली घालून टेम्पोत चढलो! चकमकीत शर्ट घालून स्टेजवर उड्या मारायचो. लाज कशी वाटली नाही, देव जाणे.

पाचव्या वर्षी ऐन रोवण्याच्या दिवसांत ॲम्प्लिफायर जळाला आणि दोन दिवस सुटका झाली. ऑर्गनवाल्याला घेऊन मी घरी आलो. आता गाणं पुरं करायचंच. त्याने घरची जुनी पेटी उघडली, धृपद धरलं, आणि बोटं आपसूक सिनेमाच्या गाण्यात घुसली. पुन्हा धरलं, पुन्हा तेच. मलाही अंतऱ्याची चाल आठवेना.

"गेलं बे," म्हणून त्याने पेटी बंद केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, खोटं कशाला बोलू.

तसेच उठून आम्ही शेताकडे गेलो. धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात वाकून आई आणि इतर बाया रोवत होत्या आणि गात होत्या. आमचंच गाणं! धृपद, पहिला अंतरा, मग दुसरा, तिसरा, चौथाही. सकाळपासून त्यांची पाठ सरळ झाली नव्हती. त्यांना कुणी चार दिवस सुट्टी दिली नव्हती.

"आई, पुढचे अंतरे कोनं बांधले?"

तिने मान वर केली नाही. "बांधते कोन? म्हनता म्हनता झाले. तुमाले टाइम नोता ना, बापा."

ऑर्गनवाल्याने पँट वर खोचली, चिखलात उतरला आणि बायांच्या मागे मागे, चुकत माकत, आपलंच गाणं शिकू लागला. दुसऱ्या दिवशी टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हाही तो बांधीतच होता. मी चकमकीत शर्ट घातला आणि निमूट चढलो.