आडनावाला सान

"मॅडम, आवाज तुमचाच राहू द्या. तोंड आमच्या भाचीचं दाखवू."

शिरूरच्या क्लासमध्ये, भरदुपारी, चहा पिता पिता संस्थेचे सर मला हे म्हणाले. वर हसले. मी तिथं जपानी शिकवायचे. क्लासचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकायचं ठरलं होतं. धडे मी लिहिलेले. उच्चार मी बसवलेले. फक्त तोंड माझं चालणार नव्हतं.

"का सर?"

"माझ्या मनात तसलं काय न्हाई हो. पण पालक आधी आडनाव बघत्यात. लोक अजून तसलेच हायेत, आपण काय करायचं?"

किळस आली. तोंडावर शिवी देणारा माणूस परवडला. हा गोड बोलून मला पुसत होता आणि वर बिस्किट पुढं करत होता.

जपानी मला कुठल्या क्लासनं शिकवली नाही. रांजणगावला कंपनीत तपासणीच्या लाइनवर होते, राहायला कारेगावात, आम्ही चौघी एका खोलीत. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे. आधी आवाज बंद करून. कोण कुणापुढं किती वाकतंय, कोण आधी बोलतंय, ते नीट बघायचं. मग आवाज लावायचा. तिकडच्या एका शेतकरी बाईचा ब्लॉग होता. कांद्याची पात, गुडघेदुखी, सुनेच्या कुरबुरी. शब्दाला शब्द लावत सगळा वाचला. परीक्षा दिली, पास झाले. पुढं क्लासमध्येही तसंच शिकवलं. मांडवगण, इनामगावची पोरं एसटीनं यायची. त्या बाईचा कांदा वाचून हसायची. "मॅडम, हिचंबी आपल्यावानीच हाय की!"

त्या भाषेतला पहिला धडा म्हणजे स्वतःची ओळख. 'वाताशी वा', मग आपलं आडनाव, मग 'देस्'. मी अमुक आहे. ऐकणारा त्याच आडनावाला 'सान' लावून हाक मारतो. सान म्हणजे आपल्याकडचं राव म्हणा. माझं आडनाव ऐकून लोकांचं तोंड वाकडं होताना मी शाळेपासून बघितलंय. त्याच आडनावाला कुठंतरी मान लावून बोलतात, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मोबाइल छातीशी धरून रडले होते.

तोच धडा आता पडद्यामागून द्यायचा होता.

पुढं खुर्चीवर सरांची भाची, भारी साडी, लिपस्टिक. मागं फरशीवर मी, हातात माइक. तिला जपानीचा एक शब्द येत नव्हता. ती नुसते ओठ हलवायची. "वाताशी वा," मी म्हटलं, आणि पुढं तिचं आडनाव. माझ्या गळ्यातून. नोकरी हवी होती, म्हणून म्हटलं. सर खूश झाले. शिरा आला. भाचीनं खुर्चीवर खाल्ला, माझी बशी पडद्यामागं आली.

पुढच्या आठवड्यात वर्गाला काम दिलं. प्रत्येकानं आपली ओळख सांगणारा व्हिडिओ करून आणायचा. मांडवगणची एक पोरगी होती, आमच्याच समाजाची. वर्गात सगळ्यात हुशार. तिनं नुसतं नाव सांगितलं होतं.

"आडनाव कुठं गेलं गं?"

तिनं मान खाली घातली. "तुमचं तरी कुठं हाय, मॅडम? त्या व्हिडिओत आवाज तुमचाच हाय. मी वळखला."

तोवर सरांची किळस येत होती, आता माझीच आली. पोरीला मी लपायला शिकवलं होतं. तेही शुद्ध उच्चारात.

दुसरं रेकॉर्डिंग लागलं. प्रत्येक व्हिडिओची सुरुवात तीच. मी पडद्यामागं बसले. भाचीनं तोंड उघडलं.

"वाताशी वा," मी म्हटलं. आणि माझं आडनाव घेतलं. माझ्या बापाचं. मोठ्यानं.

भाचीचे ओठ हलतच होते. तिच्या तोंडातून माझं आडनाव बाहेर पडलं.

"ए, बंद कर! बंद कर ते!" सर कॅमेरा धरणाऱ्या पोरावर ओरडले.

भाचीनं पदरानं ओठ पुसले. नुसतं ऐकून. खरंच पुसले, मी पडद्याच्या फटीतून बघितलं. इतकी शिकलेली पोरगी, आणि माझ्या आडनावानं तिचे ओठ विटाळले.

मी पडदा बाजूला ओढला. पुढं आले. कॅमेरा चालूच होता. त्यात बघून पुन्हा म्हटलं, सावकाश, शिकवते तसं.

"मॅडम, तुमी हितनं चालू लागा," सर म्हणाले.

"चालले. पण आवाजबी माझ्यासंगं येनार."

आता दौंडला आईच्या घरी, दारातल्या उजेडात, मोबाइलवर मी धडे करते. मांडवगणची ती पोरगी पहिल्या व्हिडिओत माझ्या शेजारी बसली. पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, वस्ती सांगितली. खाली लोक घाण लिहितात. मी पुसत नाही. कुणी लिहिलंय ते गावाला दिसू दे.

सरांचा तो पहिला व्हिडिओ अजून इंटरनेटवर आहे, भाचीचं तोंड आणि माझा आवाज. तो उतरेपर्यंत मी त्यांना सोडणार नाही. आणि माझ्याकडं जपानी शिकायची असेल, तर आधी माझं आडनाव घ्यायचं. सान लावून. पहिला धडा तोच आहे. तो ज्याच्या तोंडातून निघणार नाही, त्याला मी दुसरा देणार नाही.