दोस्त देशांना दम

वर्गात शिकवलेलं पोरं परीक्षा झाली की विसरतात, पण वर्गात कुणाचा पोपट झाला ते वर्षानुवर्षं सांगत फिरतात! म्हणून आमच्याकडे किश्शांना तोटा नाही. मी ठाण्यातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. दरवर्षी आम्ही खोटी खोटी जागतिक परिषद भरवतो. देश काल्पनिक, भांडणं मात्र ओरिजिनल! यंदाचे सगळे किस्से हर्षदचे.

हर्षद शहाडचा. चिठ्ठ्या टाकल्या तर त्याला महासत्ता निघाली. पठ्ठ्या बहिणीच्या लग्नातला कोट घालूनच आला! ज्याचा ठराव पास होईल तो दिल्लीच्या स्पर्धेला जाणार होता. हर्षदच्या आईने नातेवाइकांना आधीच सांगून टाकलेलं.

*

पहिलंच भाषण. डोंबिवलीची सायली म्हणजे बेटांचा देश, महासत्तेचा जुना दोस्त. हर्षद तिच्याकडे बोट दाखवून गरजला, "तुमचं बंदर आम्हाला द्या, नाहीतर आम्ही घेऊ!"

सायलीने माझ्याकडे बघितलं. "सर, हा आमच्याच बाजूचा ना?"

"हो."

"मग शत्रू काय म्हणतोय तेही ऐकून घेऊ का एकदा?"

*

मग गडी वळला अमेयकडे. अमेय गव्हाचा देश, तोही दोस्त.

"तुमच्या गव्हावर डबल टॅक्स!"

अमेय खुर्चीतून हललाही नाही. "लाव ना भावा. चपाती तुझ्याच घरी महागणार!"

*

लंच ब्रेकला मी कँटीनमध्ये गेलेलो. बघतो तर सगळे दोस्त देश एका टेबलावर, आणि मधोमध शत्रू देश, म्हणजे आमची कल्याणची पूर्वा, सगळ्यांना समोसे वाटतेय!

हर्षद मिसळीची प्लेट घेऊन उभा. "सरका ना रे, बसतो."

अमेय म्हणाला, "व्हिसा आहे?"

हर्षद हसला, पण मिसळ त्याने खिडकीपाशी एकट्यानेच खाल्ली.

*

मग आला माझ्याकडे. "सर, मी फक्त प्रेशर टाकत होतो. खरंच थोडी बंदर घेणार होतो!"

"मला काय सांगतोस? तिला सांग."

गेला. सायलीला म्हणाला, "धमकी कॅन्सल. पहिल्यासारखं करू या."

"अरे, राग नाहीये माझा," सायली म्हणाली. "पण समोसा खाता खाता पूर्वाशी बंदराचा करार झाला. तू दम दिल्यावर काय तुझी वाट बघत बसायचं?"

पोराचा चेहरा इतका उतरला की मलाच वाईट वाटलं.

*

शेवटचं सत्र. हर्षदने कोट काढून खुर्चीला लावला. आवाज एकदम मऊ. टॅक्स मागे, बंदराचा विषय बंद, सगळ्या दोस्तांना संरक्षण. दिवसभरातला सगळ्यात चांगला ठराव, खोटं कशाला बोलू! फक्त नियमाप्रमाणे एका तरी देशाचं अनुमोदन हवं होतं.

"अनुमोदन कोण देतंय?" मी विचारलं.

अमेय पंख्याकडे बघतोय. पूर्वा पेनाचं टोपण काढतेय, लावतेय. हर्षद एकेकाच्या तोंडाकडे बघतोय.

"कुणीच नाही?"

तेवढ्यात मागून एक हात वर आला. सायली! हर्षद ताडकन उभाच राहिला. हसू पार कानापर्यंत.

"बोला, बेटांचा देश," मी म्हणालो.

"सर," सायली म्हणाली, "वॉशरूमला जाऊ?"