डावीकडे वळणारा घेवडा

आमचे मामा शाळेत पीटीचे मास्तर होते. सगळी गल्ली त्यांना शिट्टीमामा म्हणते, आणि मी सख्खा भाचा असूनही तेच म्हणतो. त्यांच्या एका शिट्टीवर अख्खं मैदान चिडीचूप व्हायचं. निवृत्त झाले आणि हुकूम सोडायला कोणी उरलं नाही. मुलगी सासरी, मांजर मुळात कुणाचं ऐकत नाही, आणि मी खालच्या मजल्यावर राहत असल्याने हाक ऐकूनही न ऐकल्यासारखं करतो. मामी तेवढी ऐकायची. पण नुसत्या मामीवर पलटण होत नाही, म्हणून मामांनी गॅलरीत घेवडा लावला.

रंगाची रिकामी बादली, बुडाला भोकं, त्यावर खडी, मग माती नि शेणखत, मधोमध उभी काठी. काम चोख होतं, उगाच खोटं कशाला बोलू? भोकांतलं पाणी माझ्या वाळत घातलेल्या शर्टांवर टपकायचं, ते मी नात्यापोटी सहन केलं. वेल हातभर वाढल्यावर मामांनी तो काठीभोवती उजवीकडे वळवून सुतळीने सैलसर बांधला. सकाळी पाहतात तर शेंडा सुटून डावीकडे वळलेला.

मामांचा पारा चढला. त्यांनी वेल उलगडून पुन्हा उजवीकडे वळवला. तो पुन्हा डावीकडे. बादली फिरवून झाली, काठी बदलून झाली, शिट्टी तर इतकी वाजली की खालून जाणारा दूधवाला रोज ब्रेक दाबायचा. रोपं विकणाऱ्याने समजावलं की घेवडा एकाच बाजूने वळतो, पिळलात तर मोडेल. मामा त्याच्यावरच उखडले. शेवटी शेंडा खरंच मोडला, आणि त्या दिवशी मामा जेवले नाहीत. मला हसू येत होतं आणि त्यांचं वाईटही वाटत होतं.

खालून नवी फूट आली तेव्हा मामा शहाणे झाले. बादलीशेजारी खुर्ची टाकून वाट बघत बसले. फूट काठीला टेकून डावीकडे झुकतेय असं दिसताच शिट्टी फुंकली आणि म्हणाले, "डावीकडे वळ." फूट वळली. मग मला वर बोलावलं, मामीला स्वयंपाकघरातून आणलं आणि छाती फुगवून सांगितलं, की अखेर याला शिस्त लागली.

मामीने चपला घातल्या, पिशवी घेतली आणि दाराशी थांबली.

मामा ऐटीत म्हणाले, "जा, बाजारात जाऊन ये."

"बरं," मामी म्हणाली आणि गेली.

मामा माझ्याकडे बघून विजयाने हसले. मग त्यांचं लक्ष चपलांच्या रिकाम्या जागेकडे गेलं आणि हसू हळूहळू मावळलं.

"मी सांगायच्या आधीच तिने चपला घातल्या होत्या का रे?"

मी छताकडे बघितलं.

"आणि लग्न झाल्यापासून..." एवढं बोलून मामा खुर्चीत मटकन बसले.

मामी बाजारातून येईपर्यंत ते तसेच होते. बिचाऱ्यांचा चेहरा बघवेना. जिन्यात मामीची पावलं वाजली तसे घाईघाईने उठले, वेलाला तांब्याभर पाणी घातलं आणि त्याच्यापाशी वाकून हळूच म्हणाले, "मला कळलंय हे तिला सांगायचं नाही."

घेवड्याने मामांचा पाळलेला हा एकमेव हुकूम.