बाजारातली लेन्स आणि आबांचा कच्चा बिंदू

कॅमेरा म्हणत होता, लेन्स जोडलेली नाही. लेन्स तर माझ्या डोळ्यांसमोर होती, मीच ती आटे फिरवून घट्ट बसवली होती. मी ती काढली, ओढणीनं पुसली, पुन्हा बसवली. पडद्यावर पुन्हा तेच, लेन्स जोडलेली नाही. मग मी कॅमेऱ्याला दोन शिव्या दिल्या. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईच्या तोंडी त्या शोभणाऱ्या नव्हत्या, पण घरात ऐकायला कुणी नव्हतं.

कॅमेऱ्याची मूळ लेन्स स्नेहसंमेलनाच्या गडबडीत माझ्या हातून पडली आणि आतून खुळखुळायला लागली. नवी परवडणारी नव्हती. तेवढ्यात मोबाइलवर पाहिलं की लोक जुन्या काळच्या, हातानं फिरवायच्या स्वस्त लेन्स नव्या कॅमेऱ्याला लावतात आणि काय सुंदर फोटो काढतात. झालं, माझ्या अंगात आलं. शहरातल्या छावणीच्या बाजारात नळाच्या तोट्या आणि उघडे मिक्सर मांडून बसलेल्या एका चाचांकडं मला ती सापडली. लिंबाएवढी, काळी, जड, हाताला थंड लागणारी. मी विचारलं, ही कुठल्या कॅमेऱ्याची?

"कैमरे की च है बाजी, पन कौनसे कैमरे की वो अल्ला जाने," चाचा म्हणाले. "कांच साफ है. लगती क्या नहीं लगती, वो तुम देख लो."

लागण्यासाठी मधे एक कडं लागतं, अ‍ॅडाप्टर म्हणतात त्याला. ते मागवलं, बसवलं, आणि पुढं हा प्रकार. कॅमेऱ्याचंही खरंच होतं म्हणा. जुन्या लेन्समध्ये ना मोटर ना वायर, ती कॅमेऱ्याशी बोलतच नाही, मग त्यानं तिला ओळखावं कसं? कॅमेऱ्याच्या मेन्यूत खोल कुठंतरी ‘लेन्स नसतानाही फोटो काढू दे’ अशी सोय असते, ती मला आठवड्यानं सापडली. लेन्स असताना ‘नाही’ असं कबूल केल्यावर फोटो निघाला.

निघाला म्हणजे काय, चिखल निघाला. लेन्सवर दोन कडी, एक फोकसचं आणि एक उजेड कमीजास्त करायचं. मी उजेडाचं फिरवत बसायचे आणि फोकस का होत नाही म्हणून कुढायचे. ते जमलं तेव्हा लक्षात आलं, की फोटो गोल येतोय. मधे चित्र आणि चारी कोपऱ्यांत काळोख. एका फोटोग्राफीच्या ग्रुपवर विचारलं तर एक म्हणाला अ‍ॅडाप्टर चुकीचा आहे, दुसरा म्हणाला लेन्स छोट्या फिल्मसाठी बनवलेली आहे म्हणून तिचं चित्रच छोटं पडतं, आणि तिसऱ्यानं लिहिलं, ताई, असंच ठेवा, कलात्मक आहे. नेमकं घोडं कुठं पेंड खातंय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याच दिवसांत माझ्या डोक्याला दुसरा घोर होता, आणि तो फार मोठा होता. आबांचे डोळे.

आबा म्हणजे माझे वडील. फुलंब्रीच्या पुढं आमचं गाव. आमचं घराणं मेंढपाळांचं, आता थोडी कोरडवाहू जमीन आणि थोडी मेंढरं एवढंच उरलंय. काही वर्षांपूर्वी गावात डोळ्यांचं शिबिर झालं. आबा तपासून आले आणि सगळ्यांना सांगत सुटले, "माझा बिंदू कच्चा हाय अजून. पिकला की काढू." आमच्याकडं मोतीबिंदूबद्दल असं म्हणतातच, पिकल्याशिवाय काढत नाहीत. त्यामुळं कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. आई तर खूष झाली, इतक्यात ऑपरेशन नको म्हणून.

पण त्यांचं दिसणं मला समजेना. लांबून येणाऱ्या बसची पाटी ते माझ्याआधी वाचायचे. चष्मा लावून आईला सुईत दोरा ओवून द्यायचे. आणि तेच आबा दाराच्या चौकटीवर खांदा आपटायचे, अंगणातल्या बादलीला पाय लावायचे, कोंबडीवर पाय द्यायचे. चरायला नेलेली मेंढरं बाजूच्या मक्यात घुसायची आणि यांना पत्ता नसायचा. शेजारी भांडायला यायचा, आबा मेंढरांना शिव्या घालायचे. "लई माजलीत. डोळ्यादेखत जात्यात."

शहरात चला, मोठ्या डॉक्टरला दाखवू, असं मी किती वेळा म्हटलं असेल. आबा माझी समजूत घालायचे. "कच्चं तोडलं की फळ बी जातं अन् झाड बी दुखावतं. तू शिकलीस खरी, पर शेतातलं नाय कळत तुला, माय." भाजलेल्या हुरड्याचं ताट पुढं सरकवायचे आणि विषय संपायचा. मला रागही यायचा आणि रडूही. हे पिकायची वाट बघत बसतील आणि बसल्या जागी आंधळे होतील, ही एकच भीती मला होती. मेंढरांमागं चालायचं नसेल तर हा माणूस जगेल कसा, ते मला दिसत नव्हतं.

एका रविवारी मी ती लेन्स घेऊन गावी गेले. घरची माणसं हलली तरी रागावत नाहीत, म्हणजे सराव करायला बरी. आईला निंबाखाली बसवलं. मोबाइलवरच्या लोकांनी सांगितलेली आणखी एक सोय मी चालू केली होती, जिथं फोकस बसलाय तिथं लाल कड दिसते. ती कड कधी आईच्या कुंकवावर, कधी झाडाच्या सालीवर, कधी मागून जाणाऱ्या शेळीवर. मी कडं फिरवतेय, आई विचारतेय झालं का, शेळी निघून गेली आणि फोटोत फोकस शेळीच्या शेपटीवर.

"बघू दे मला, काय दिसतंय त्यात एवढं," म्हणत आईनं व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि लगेच काढला. "अगं, झरोक्यातून डोकावल्यावानी दिसतंय. आजूबाजूला समदं काळं. बिघडलाय का?"

"आण इकडं," आबा म्हणाले. त्यांनी डोळा लावला आणि बराच वेळ बघत राहिले. "काळं कुठं हाय? चांगलं तर दिसतंय."

"कोपऱ्यात बघा की, चारी कोपऱ्यात," आई म्हणाली.

"नाय. काय बी काळं नाय. तुलाच दाखवायला पायजेल डाक्टरला."

दोघांची जुंपली. मला आधी वाटलं, आबा मुद्दाम करतायत, आईला चिडवायची त्यांची जुनी सवय. मी म्हटलं, बरं, काय काय दिसतंय ते सांगा. ते म्हणाले, निंब. आणि? निंबच. आई पुन्हा जाऊन झाडाच्या डाव्या बाजूला, गोलाच्या कडेला, पण आतच बसली होती. मी त्यांच्या हातात कॅमेरा तसाच ठेवून मागच्या पडद्याची सोय चालू केली आणि स्वतः बघितलं. आई होती. हिरव्या लुगड्यात, हात मांडीवर ठेवून, चांगली दिसत होती.

मी कॅमेरा बाजूला ठेवला. माझ्या डोक्यात काय आलं ते मला तेव्हा नीट सांगताही आलं नसतं. त्यांना म्हटलं, समोर भिंतीकडं बघा, मान हलवू नका, माझा हात दिसला की सांगा. आणि त्यांच्या कानापासून हात हळूहळू पुढं आणायला लागले. गालाच्या रेषेत आला, ते गप्प. भुवईच्या रेषेत आला, ते गप्पच. जवळजवळ नाकासमोर आल्यावर म्हणाले, "हा, आला."

"आबा, बाजूचं काही दिसत नाही का तुम्हाला?"

ते चिडले. "बाजूचं बघायचं असलं तर मान वळवायची. मान कशाला दिलीय देवानं?"

आई हसली. मला हसता येईना. मोतीबिंदूत सगळंच धुरकट होतं, एवढं मला ठाऊक होतं. यांना तर जे दिसत होतं ते लख्ख दिसत होतं, पण थोडंच. आणि बाजारातल्या त्या जुन्या लेन्सचं गोल चित्र त्यांना पुरतं वाटत होतं. कॅमेरा बिघडलेला, की माझी समजूत, की आबांचे डोळे, सगळा गोंधळ एकात एक मिसळला होता. मी फक्त घाबरले होते.

सरळ सांगून ते आले नसते. म्हणून मी त्यांच्याच भाषेत शिरले. म्हटलं, काढायचं नाही काही, नुसतं पिकलंय का ते बघून येऊ. शेतात जाऊन कणीस दाबून बघतो तसं. हे मात्र त्यांना पटलं. "व्हय, बघाया काय हरकत हाय," म्हणत त्यांनी नेसायला धुतलेलं धोतर काढलं.

शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडं त्यांना एका यंत्रासमोर बसवलं. पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवायची, समोर बघत राहायचं, आणि कुठंही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी मागं उभी होते. मला कडेकडेला दिवे लुकलुकताना दिसत होते, आणि आबांचा अंगठा हलत नव्हता. थोडं मधे लुकलुकलं की दाबायचे. मग पुन्हा बराच वेळ काही नाही.

"लाईट गेली व्हय?" आबांनी विचारलं.

तिथल्या मुलीनं, नाही बाबा, समोर बघा, असं म्हटलं. मी बाहेर जाऊन पाणी प्यायले.

तपासणी झाल्यावर डॉक्टरबाईंनी कागद समोर ठेवला, मधे थोडं पांढरं आणि भोवती काळं. त्या म्हणाल्या, "काचबिंदू आहे."

आबांचा चेहरा खुलला. ते माझ्याकडं वळले. "बघ. मी काय सांगत व्हतो? शिबिरात बी हेच म्हणले व्हते, कच्चा बिंदू. मला म्हणले, शहरात जाऊन दाखवा. म्या म्हणलं, कच्चा हाय तर कशाला घाई? आता सांगा बाई, पिकायला अजून किती दिस?"

डॉक्टरबाई माझ्याकडं बघायला लागल्या आणि मी त्यांच्याकडं. मी ते दोन शब्द मनात म्हणून बघितले. काचबिंदू. कच्चा बिंदू. शिबिराच्या मांडवातल्या गर्दीत, ओळीत उभं राहून, शेतकऱ्याच्या कानानं ऐकलं तर दोन्ही एकच. शिबिरातल्या माणसानं खरं तेच सांगितलं होतं. आबांनीही खोटं काही सांगितलं नव्हतं. मला कुणावर तरी चिडायचं होतं आणि चिडायला समोर कुणी सापडेना, ही माझ्यासारख्या तापट बाईची मोठी पंचाईत असते.

डॉक्टरबाई चांगल्या होत्या. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि आबांना सावकाश सांगितलं, की हा वेगळा आजार आहे. हा पिकत नाही. हा कडेकडेनं नजर खात येतो, दुखत नाही, म्हणून कळत नाही. मधली नजर अजून चांगली आहे. रोज थेंब घातले तर ती टिकवता येईल.

"अन् कडंचं?" आबांनी विचारलं. "गेलं ते?"

"ते परत येत नाही, बाबा."

आबांनी मान हलवली. बाहेर पडताना त्यांचा खांदा दाराला लागणार होता, मी पटकन दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. अशा वेळी ते हमखास सोडवून घेतात.

बसमध्ये मी खूप बोलले. थेंबांचं बोलले, दर काही महिन्यांनी तपासायचं बोलले, मेंढरांमागं आता आईनंही जावं असं बोलले. ते खिडकीतून बघत होते. फुलंब्री मागं पडल्यावर म्हणाले, "म्हंजी मेंढरं माजली नव्हती." मी पिशवीतल्या थेंबांच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत बसले, आणि वाचलेलं काही डोक्यात शिरलं नाही.

घरी पोचलो तर आई दारातच उभी होती. आमच्या पायांतल्या चपलाही निघाल्या नव्हत्या.

"काय म्हणली डाक्टरीण? पिकलं का?"

आबा ओसरीवर टेकले. डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"पिकलं व्हतं," ते म्हणाले. "गळून बी गेलं. आता हाय तेवढं राखायचं."

"म्हंजी ऑपरेशन नाय?"

"नाय."

"सुटलो बाई," म्हणून आईनं देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले. तिला खरं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आबांनी पुरती मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग मी आईला एवढंच सांगितलं, की हे थेंब रोज रात्री घालायचे, न चुकता, आणि आता जन्मभर घालायचे.