गर्डरची टोकं

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वरच्या खोलीत पाळण्यासाठी जागा बघत होते. मुलगी बाळंतपणाला यायची होती. छताच्या लोखंडी गर्डरला पाळणा टांगायचा की नाही, हे माझा हा थोरला भाऊच येऊन सांगणार होता. गर्डर त्यानंच बसवलेला, मालेगावच्या एका पाडलेल्या गोदामातून आणून.

पाडलेल्या घरांचं सामान विकणं हा त्याचा धंदा. नाशकातली जुनी घरं एकेक करून उतरली आणि त्यांच्या सागाच्या चौकटी, विटा, फरश्या, लोखंड दादाच्या वखारीत आलं. "मेलेल्या घरांचा वारस," मी चिडवायची. तो म्हणायचा, "अगं, असला साग आता जंगलातही मिळत नाही. आणि नवं करायचं म्हणजे पुन्हा वाळूसाठी नदी उपसा, विटांसाठी भट्ट्या पेटवा..." खरंच होतं ते. माझ्या खिडक्या एवढ्या पावसाळ्यांत फुगल्या नाहीत. पण मोडलेल्या स्लॅबच्या सळया सरळ करून विकायला तो कधीच तयार झाला नाही; वाकून सरळ केलेल्या सळईचा भरवसा नाही, म्हणायचा. आणि गर्डरबद्दल एकदा म्हणाला होता, "मधला भाग दिसतो. टोकं भिंतीत गेली की तिथं ओल काय करते, ते मलाही दिसत नाही."

दहाव्यानंतर मी गवंडी बोलावून टोकं उघडली. एक ठणठणीत. दुसऱ्याचे पापुद्रे हातात आले. नवा गर्डर टाकला, पाळण्याला स्टँड आणला. तरी जिवाला स्वस्थता नाही. असे गर्डर त्यानं ओळखीच्या किती घरांत बसवलेत... सगळ्यांना फोन करायचं ठरवलं, तर वहिनी भडकली.

"महिना नाही झाला, वन्सं. त्यांचं नाव मातीत घालता?"

"नाव नंतर बघू. आधी छत."

पहिला फोन निफाडला केला, दादानं बसवलेला गर्डर कसा आहे विचारलं. तिथल्या काकू हसल्या. "बेस हाय की तो! तुमचे दादा दर उन्हाळ्यात यायचे, जेवायचे अन् त्याच्याच खाली पडायचे. आम्ही म्हणायचो, लय आळशी माणूस. पण झोपायचे कुठं? डोळे तर वर लागलेले."

आमच्याकडेही तो जेवला की वर जाऊन पडायचा. मला वाटायचं, वारा येतो म्हणून.

"काकू," मी म्हटलं, "आता तो यायचा नाही. टोकं उघडून बघा. आमचं एक सडलेलं निघालं."

 पलीकडून काकूंची हाक ऐकू आली, फोन बाजूला धरून मारलेली, "अगं सूनबाई, आधी आजोबांची खाट बाहेर काढ."