गोदीच्या बाळंतपणाची न्हाणी

हातात पैसा आला की माणसं घरात काय काय बांधून घेतात. मी वास बांधून घेतला.

सातासमुद्रापलीकडे कुठेतरी गोऱ्यांची आपसात जुंपली होती आणि त्यामुळे आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. (कोण कोणाशी आणि कशासाठी लढतंय ते अमरावतीत कोणालाच ठाऊक नव्हतं, पण लढाई थांबू नये म्हणून नवस मात्र बरेच जण बोलले होते!) कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या, कोणी बायकोला कंबरपट्टा केला. आमच्या ह्यांनी मला विचारलं, "तुले काय पायजे?" मी म्हणाले, "न्हानी."

त्याला कारण होतं. आमची गोदी अकोल्याला दिलेली. तीन लेकरं देवाने नेली, त्यातून राहिलेली ही एकच, आणि आता तिला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा साऱ्या जगाचा रिवाज. पण पाचव्या महिन्यात मी चोळी घेऊन अकोल्याला गेले, तेव्हा विहीणबाईंनी चारचौघींत मला विचारलं, "इहीनबाई, तुमच्याकडं बाळंतीन न्हाते कुठी जी?"

आमच्याकडे बायका परसात न्हायच्या. कापूस वेचून झाला की उरलेल्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा, कुड उभा करायचा आणि त्याच्या आड बसायचं. वारा आला की कुड वाकायचा, आणि कुडाबरोबर आतली बाईही.

"न्हाते की आडोशाले," मी म्हणाले.

"म्हंजे वाऱ्यात! माह्या सुनेले वारा बाधला म्हंजे? नाई बाप्पा. नीट जागा नसंन त बाळंतपन अकोल्यातच होऊ द्या."

पहिलटकरीण पोर. तिला कळा सुरू झाल्यावर मी तीन दिवसांच्या वाटेवर बसून काय करणार? आणि भीती वाटली की मी नेहमी जे करते तेच केलं, बढाई मारली. "आमची दगडाची न्हानी होऊन राहिली जी!" तोवर आमच्याकडे त्यासाठी आणलेला एक खडासुद्धा नव्हता.

घरी येऊन गवंडी गाठला. भिंती झाल्या, कौलं चढली, काळ्या दगडाच्या घडीव फरश्या आल्या. अडलं ते मुरमापाशी. पाणी परसाकडे वाहून जावं म्हणून न्हाणी उंच हवी होती आणि फरश्यांखाली हातभर मुरमाची भर हवी होती. त्यासाठी गाडी पाहिजे, आणि गावातली एकूण एक गाडी कापूस वाहत होती. मुरमाचं नाव काढलं की गाडीवाला माझ्याकडे दयेने बघायचा. "बाई, या हंगामात कोनी माती वाह्यते का?"

तेव्हा मला सुचलं. (मला सुचतं. आमच्या घराचा तोच तर त्रास आहे.) गोठ्यामागे सरकीचा हा एवढा ढीग पडला होता. कापसातून निघालेलं बी, म्हशीच्या खाण्याचं. मी गवंड्याला म्हणाले, "हे भरा." त्याला तर आनंदच झाला. मुरमापेक्षा पाट्या हलक्या! एका दुपारीत त्याने सगळी सरकी आत लोटली, वर फरश्या बसवल्या, चुन्याने सांधे बुजवले आणि तो पुढच्या कामाला पळाला. ह्यांना मी काही बोलले नाही. न्हाणीच्या खाली काय आहे, याच्याशी पुरुषांना काय करायचंय?

न्हाणी झाली आणि आळीतल्या बायकांची रीघ लागली. प्रत्येकीला मी घंगाळभर पाणी ओतून दाखवलं, मोरीतून ते कसं सरसर केळीपर्यंत जातं ते. "पाह्य वं, थेंब राह्यत नाई!" वर थेंब राहत नव्हता हे खरंच होतं. सगळे थेंब केळीपर्यंत पोचतात का, हा प्रश्न मला पडला नाही.

थोडे दिवस गेले आणि वास सुरू झाला. आधी आंबलेल्या ताकासारखा, अगदी लाजत लाजत. मग त्याने लाज सोडली.

"उंदीर मेला," ह्यांनी निदान केलं आणि मोरीत वेळूची काठी घातली. उंदीर निघाला नाही, पण काठीला असा वास लागला की ती लांब फेकून द्यावी लागली. मग मी न्हाणी राखेने घासली, हंडेच्या हंडे पाणी ओतून धुतली. दुसऱ्या दिवशी वास दुप्पट! कडुलिंबाचा पाला उकळून ते पाणी ओतलं. वास चौपट! गोमूत्र शिंपडून वर उदाचा धूर केला, तेव्हा देऊळ, गोठा आणि मसणवट या तिन्हींचा मिळून एक वास तयार झाला. जितकं धुवावं तितकं बिघडत होतं. मला वाटायचं, माझं धुणंच कमी पडतंय, म्हणून मी आणखी पाणी ओतायची.

शेवटी माझा संशय शेजारच्या काशीबाईवर गेला. भिंतीपलीकडेच तिचा गोठा. मी भिंतीवरून ओरडले, "काशे, तुह्या गोठ्यातून वास येऊन राहिला!"

"माह्या गोठ्यातून?" काशी तरातरा आली. न्हाणीच्या दारात उभं राहून तिने एकच श्वास घेतला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकली. "माय वं! याच्यापुढं माहा गोठा देवघर हाय! कोनाले गाडलं वं इथी?"

झालं! दुपारपर्यंत आळीभर पसरलं की आमच्या न्हाणीखाली कोणीतरी आहे. एक गृहस्थ तर ह्यांना हळूच विचारून गेले, की तो गवंडी हल्ली दिसत नाही, बरा आहे ना!

आणि त्यातच अकोल्याहून आलेल्या गाडीवाल्याने निरोप दिला. विहीणबाई गोदीला घेऊन निघाल्या आहेत, परवा पोचतील. "न्हानी पाह्याची हाय म्हनत होत्या," त्याने वर आणखी जोडलं.

ही न्हाणी मी लेक हाताशी राहावी म्हणून बांधली होती, आणि आता तिच्यापायीच लेक दारातून परत जाणार होती! ते दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. (वासामुळेही उतरत नव्हता, ते निराळं.)

दमणी दारात उभी राहिली. छताची, गादी घातलेली, अकोल्याच्या ऐटीची गाडी. गोदी उतरली. केवढी सुकली होती पोर! मी धावत जाऊन तिला पोटाशी धरलं. "माय..." असं म्हणून तिने मला बाजूला सारलं आणि ओसरीच्या कोपऱ्यात भडाभडा ओकली.

"वाटंची दगदग," मी म्हणाले.

"वाटंत त एकदा बी नाई ओकली," विहीणबाई म्हणाल्या. त्यांच्या अंगावर धुळीचा थर होता आणि खांद्यावर कोरडं लुगडं. "आधी मले न्हाऊ द्या."

"आधी गूळपानी घ्या जी."

"न्हाल्यावर घेईन."

"मंग जेवूनच घ्या. भाकर गरम हाय."

"न्हाल्यावर."

"आज नोका न्हाऊ जी! आज... आज इकडं न्हात नसतात."

"कोन न्हात नसते?"

"कोनीच."

"साऱ्या अमरावतीत?"

आता मागे फिरता येईना. "साऱ्या अमरावतीत," मी म्हणाले. आणि नेमकी त्याच वेळी काशी भिंतीपलीकडे ओले केस झटकत उभी होती!

विहीणबाई आत गेल्या. मी दाराबाहेर पदराचं टोक चावत उभी राहिले. आधी काहीच आवाज नाही. मग एक खोकला. मग धप्प! "इहीनबाई! हे फरशी हालून राहिली! खाली काही जित्तं हाय का?"

त्या बाहेर आल्या त्या कोरड्याच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी शांतपणे बोलल्या. "सकाळी मी गोदीले घेऊन वापस जाईन. राग नोका मानू. पन माह्या नातवाले मी असल्या घरात जन्मू देनार नाई."

मी तिथेच मटकन बसले आणि रडले. खोटं रडणं मला चांगलं जमतं, पण हे खरं होतं.

आमचे हे तेवढ्यात न्हाणीत शिरले होते. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात. मला वाटलं, वासाने पडले! धावत गेले तर हे नाकाला उपरणं बांधून उकिडवे बसलेले, नजर फरश्यांच्या फटीत. दगड वर उचलले गेले होते, सांध्यांतला चुना फुटला होता आणि फटीतून दोन कोवळी हिरवी पानं वर आली होती.

"अवं," हे हळूच म्हणाले, "हे त पऱ्हाटी हाय."

"काय?"

"पऱ्हाटी! काय जोम हाय पाह्य! वावरात यंदा अशी नाई उगवली." मग त्यांच्यातला शेतकरी जरा मागे सरला आणि नवरा पुढे आला. "खाली काय भरलं वं तू?"

"सरकी," मी म्हणाले.

"म्हशीची?"

"म्हशीचीच."

"तरीच! मी म्हनो, म्हैस दूध कमी काहून देऊन राहिली!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ओतलेलं पाणी सांध्यांतून खाली झिरपत होतं आणि सरकी भिजत होती, फुगत होती, कुजत होती. मी न्हाणी धूत नव्हते, तिला रोज पाणी पाजत होते.

लगेच पहार आणली. पहिली फरशी उचलली आणि आळीतली कुत्रीसुद्धा उठून दुसऱ्या आळीत गेली. खाली काळा, कोमट, बुडबुडे येणारा लगदा! गोदीला काशीच्या घरी पाठवलं, तिच्यामागोमाग विहीणबाईही गेल्या. (काशीने तिला प्रेमाने ठेवून घेतलं आणि मला दर टोपलीमागे एक टोमणा मारला.) रात्रभर टोपल्या भरभरून लगदा उकिरड्यावर गेला, खड्डा कोरडा झाला, आणि पुन्हा जुना प्रश्न समोर उभा राहिला. मुरूम कशातून आणायचा?

ह्यांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. मग दोघांनी मिळून दारातल्या दमणीकडे बघितलं. विहीणबाई काशीच्या ओसरीवर घोरत होत्या.

"माही दमनी कुठी गेली?" जाग आल्यावर त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"मुरूम आनाले," मी म्हणाले. दुसरं काही सुचेचना. (एरवी सुचतं!)

"गादीची दमनी हाय ते!"

"गादी काढून ठेवली जी."

त्यांनी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून गोदी आली. जन्मात सासूपुढे मान वर न केलेली पोर, पण त्या दिवशी तिने केली. "आत्याबाई, मी वापस नाई येत. माय इथी हाय, त मी बी इथीच." मग माझ्याकडे वळली. "अन् माय, न्हानी मले कधी पायजेच नोती वं. तू पायजे होती."

(हेच तू पाचव्या महिन्यात बोलली असतीस, तर म्हशीची उपासमार तरी टळली असती!) मी तिला जवळ घेतलं. या खेपेला ती ओकली नाही.

विहीणबाईंना परत जायचं असतं तरी जाणार कशात? दमणी मुरमाने भरून आली, रिकामी झाली, पुन्हा गेली. हे लाकडी धुम्मस घेऊन मुरूम ठोकायला लागले. विहीणबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग त्यांना राहवेना.

"असं ठोकते का कोनी? मुरूम हाय का पापड? व्हा बाजूले!"

हे घाईघाईने बाहेर आले, आणि अकोल्याची ती ऐटबाज बाई पदर खोचून आमच्या न्हाणीच्या खड्ड्यात उतरली. त्यांनी असा काही मुरूम ठोकला की पलीकडे काशीच्या फडताळातली भांडी वाजली. मी वरून मुकाट्याने पाणी शिंपत होते. "थोडंच!" त्या दर वेळी ओरडायच्या. "तुमाले पान्याचा हात आवरत नाई!"

फरश्या पुन्हा बसल्या. वास गेला. विहीणबाई गेल्या, आणि गोदी राहिली.

तिला कळा लागल्या त्या दिवशी मी कोणकोणत्या देवाला काय काय कबूल केलं ते मला आठवत नाही. सगळे नवस फेडायचे तर गोऱ्यांना आणखी एक लढाई करावी लागेल. पण सुटली पोर. मुलगी झाली, दोघी सुखरूप. नात मी छातीशी अशी आवळून धरली की सुईणीने ती माझ्याकडून काढून घेतली.

बारशाला विहीणबाई आल्या त्या तडक न्हाणीत शिरल्या. ऊन पाण्याचे दोन हंडे संपवून, काहीतरी गुणगुणत बाहेर आल्या आणि केस पुसत ओसरीवर बसल्या.

"इहीनबाई, अशी न्हानी साऱ्या अकोल्यात नाई जी."

मी काय सांगू? माझी छाती फुगली. इतके महिने मी याच एका वाक्यासाठी जीव आटवला होता.

"आमच्या घरी काय," त्या सहज म्हणाल्या, "आजूक कुडच हाय."

"कुड?" माझा आ वासला. "म्हंजे आमच्यासारखाच?"

"मंग! अन् आता आमची धाकटी पोरगी बी दिवसांत हाय. म्हनलं, तिचं बाळंतपन बी इथीच कराव. तिले वारा नाई चालत."

"आना की!" मी म्हणाले. मान वर करून, चांगली तोंडभरून हसत म्हणाले. आपण काय बोलून बसलो ते माझ्या ध्यानात येईपर्यंत विहीणबाईंनी मधल्या लेकीचाही महिना सांगून टाकला होता.